विद्यापीठातला निर्णय: ‘साहेबांनी सांगितलं’ हे नस्तीत कुठे लिहायचं?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत, विद्यापीठ विभागांत, परीक्षेच्या किंवा आस्थापनेच्या टेबलावर काम करणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. विषय नैतिक निर्णय आणि संस्थेची कार्यसंस्कृती. शपथा आणि कार्यशाळा बाजूला ठेवू, रोजच्या कामाबद्दल बोलू.

नियमांची आपल्याकडे कमतरता नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे. वाङ्मयचौर्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०१८ चे विनियम आहेत, विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी २०२३ चे. तरीही निर्णय चुकतात. चुकलेल्या निर्णयाची नस्ती, म्हणजे फाइल, उघडली की बहुतेक वेळा दोन गोष्टी दिसतात. सूचना तोंडी आलेली असते, आणि टिपणी काम झाल्यावर लिहिलेली असते.

‘चर्चेनुसार सादर’ हे शब्द बघा. कोणाशी चर्चा, कधी, काय ठरलं, वेगळं मत कोणी मांडलं, यातलं काहीच त्यात येत नाही. पुढे चौकशी लागली की वरचे म्हणतात मी असं म्हटलोच नव्हतो, खालचे म्हणतात मी फक्त लिहिलं. दोघांनाही खोटं ठरवता येत नाही. माझ्या मते संस्थेची नीती पहिल्यांदा मोडते ती इथे. पैसे फार पुढच्या टप्प्यावर येतात.

टिपणीत किमान एवढं हवंच: प्रश्न नेमका काय, नियम कोणता, पर्याय कोणते, प्रत्येक पर्यायात नुकसान कोणाचं, शिफारस कोणती आणि का. पानांना क्रमांक टाका. दोन परिच्छेदांत मोकळी जागा सोडू नका, उरली तर आडवी रेघ मारा. मागाहून घुसवलेलं वाक्य बहुतेक अशाच मोकळ्या जागेत सापडतं.

तोंडी सूचना आलीच तर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल: ‘आज सकाळी ११.१५ वाजता दूरध्वनीवर मिळालेल्या सूचनेनुसार अमुक कार्यवाही प्रस्तावित आहे. कृपया लेखी पुष्टी मिळावी.’ भाषा नम्र ठेवायची, पण वेळ लिहायचीच.

आवक_जावक

दादा, मुद्दा पटला, पण हा ईमेल पाठवणार कोण? निकालाच्या टेबलावर डेटा भरणारी मुलं बहुतेक कंत्राटी असतात, मुदत संपली की पुन्हा आदेश लागतो. ज्याच्या हातात सगळ्यात नाजूक काम, त्याचीच नोकरी सगळ्यात कच्ची. त्याने कुलसचिवांना किंवा प्राचार्यांना ‘लेखी द्या’ म्हणावं अशी अपेक्षा ठेवणं अन्याय आहे.

म्हणून ही जबाबदारी माणसाच्या धाडसावर सोडू नये. प्रत्येक विभागात तोंडी सूचनांची नोंदवही ठेवा. रकाने पाच: वेळ, कोणाकडून, काय, कोणत्या नस्तीत, लेखी पुष्टी आली का. संध्याकाळी कार्यालय बंद होण्याआधी विभागप्रमुखाने सही करायची. तीन दिवसांत पुष्टी आली नाही तर नोंद आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जाईल, असं कार्यालयीन आदेशातच लिहून ठेवायचं. मग ‘तू माझ्याकडे लेखी मागतोस?’ हा प्रश्नच येत नाही. सगळ्यांसाठी एकच पद्धत असते.

दुसरं, सामाईक पासवर्ड. निकाल किंवा शुल्काच्या प्रणालीत पाच जण एकाच लॉगिनने काम करत असतील, तर गुण बदलले कोणी हे देवालाही सांगता येणार नाही. संशय पाचही जणांवर येतो आणि खरा माणूस सुटतो. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. गुणबदल एकाने भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा. आठवड्याच्या बदलांची यादी छापून त्यावर परीक्षा विभागप्रमुखाची सही घ्या. कंत्राटी मुलाचं खरं संरक्षण याच यादीत आहे.

तापीकाठची_मास्तरीण

परीक्षा केंद्राबद्दल एक गोष्ट मांडते. पेपर आधी उघडला गेला की आपण लगेच माणसाच्या चारित्र्याकडे बोट दाखवतो. पेपर ऑनलाइन येतो आणि केंद्रावरच छापावा लागतो, म्हणून आधी झेरॉक्स यंत्राचा हिशेब करा.

मराठी आणि इंग्रजी अशी द्विभाषिक प्रश्नपत्रिका सहज चार बाजूंची होते. १६० परीक्षार्थी धरले तर ६४० बाजू. मिनिटाला ४० बाजू काढणाऱ्या यंत्राला १६ मिनिटं लागतात. एका सत्रात असे तीन विषय आले की ४८ मिनिटं. कागद अडकणं, मोजणी, स्टेपल, पाकिटं हे त्यात धरलेलंच नाही. पेपर उघडायचा पासवर्ड परीक्षेच्या अर्धा तास आधी येत असेल तर हे गणित बसतच नाही. मग केंद्रावरून फोन जातो, ‘जरा आधी द्या ना’. एकदा दिला की पुढच्या सत्रात तीच पद्धत होते, आणि दोन वर्षांनी ती लवकरची वेळच नियम वाटायला लागते.

१९८६ च्या अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेत हेच झालं. रबरी कड्या झिजतात हे आधीच्या उड्डाणांत दिसलेलं होतं, पण दरवेळी यान सुखरूप परत आल्यामुळे ती झीज चालण्यासारखी मानली गेली. थंडीत उड्डाण नको असं सांगणाऱ्या अभियंत्यांचं आदल्या रात्री ऐकलं गेलं नाही.

उपाय साधे आहेत. दोन यंत्रं लावली तर तीन विषयांच्या १९२० बाजू २४ मिनिटांत निघतात. प्रश्नपत्रिका दोन बाजूंत बसवली तर १२ मिनिटांत. अक्षराचा आकार आणि समास यांचा नमुना पेपर काढणाऱ्याला आधीच द्या. टोनर जादा ठेवा. खराब निघालेली प्रत त्याच खोलीत फाडून मोजणीत धरा, कारण फुटलेला पेपर बऱ्याचदा याच ‘वाया गेलेल्या’ प्रतीतून बाहेर पडतो. खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल दाराबाहेरच्या पेटीत, केंद्रप्रमुखाचाही.

सातपुडा_पायथा

ताईंनी यंत्राचं सांगितलं, मी विजेचं सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगीकडे वीज गेली तर केव्हा येईल ते सांगता येत नाही. इन्व्हर्टरवर संगणक चालतो, मोठं झेरॉक्स यंत्र चालत नाही, त्याला जनरेटरच लागतो. डिझेल भरलेलं आहे का आणि तो चालू होतो का, हे आदल्या दिवशी सुरू करून बघायचं आणि तशी नोंद करायची. नाहीतर ऐनवेळी पेनड्राइव्ह घेऊन कोणीतरी गावातल्या दुकानाकडे पळतो, आणि त्याक्षणी गोपनीयता संपते. त्या माणसाचा हेतू चांगलाच असतो, मुलांचा पेपर बुडू नये एवढाच.

सीसीटीव्हीचं घड्याळ केंद्राच्या घड्याळाशी रोज जुळवा. चित्रणावर १०.२३ आणि नोंदवहीत १०.३० दिसलं, की चौकशीत त्या चित्रणाचा उपयोग राहत नाही. पाकीट वेळेवर उघडणारे प्रामाणिक केंद्रप्रमुखही मग अडकतात.

कॅप_समन्वयक

आता मूल्यमापन. निकाल शक्यतो ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावायचा, असं अधिनियमच सांगतो. परीक्षक कमी पडले की ताण उत्तरपत्रिकेवर येतो.

हिशेब असा. एका उत्तरपत्रिकेला १० मिनिटं धरली तर ४० उत्तरपत्रिकांना ४०० मिनिटं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं. एका दिवसात हे भरपूर झालं. रोजच्या नोंदीत एकाच परीक्षकाच्या नावावर ८० दिसल्या तर प्रत्येकीला पाच मिनिटं मिळाली. अशा वेळी परीक्षकाला दम देऊन काही होत नाही. दिवसाची कमाल संख्या आधीच ठरवा, तेवढ्या झाल्या की पुढचा गठ्ठा द्यायचाच नाही. मानधन प्रत्येक उत्तरपत्रिकेमागे मिळतं, त्यामुळे मर्यादा मूल्यमापन केंद्राच्या समन्वयकानेच घालायला हवी.

दुसरी तपासणी गुणांच्या वाटणीची. ६० गुणांच्या पेपरला उत्तीर्णतेचे २४ धरा. परीक्षकवार तक्ता काढला आणि २२, २३ चे रकाने रिकामे, २४ वर ढीग, असं दिसलं तर तो परीक्षक काठावरच्यांना ढकलतोय. त्याला दया वाटत असेल, पण दुसऱ्या परीक्षकाकडे गेलेला २२ वाला नापास होतो. तोही कोणाचं तरी पोर आहे. मात्र हा तक्ता कृपागुण (ग्रेस) मिळवण्याआधीच्या गुणांवर काढा, नाहीतर नियमाने दिलेल्या गुणांमुळेही असाच ढीग दिसतो आणि भलत्यावर आरोप होतो.

अंतर्गत गुण ४० असतील आणि सगळी तुकडी ३६ ते ३९ मध्ये बसली असेल, तर ते मूल्यमापन झालेलंच नाही. एखाद्याला अंतर्गत ३८ आणि लेखीत १२ मिळू शकतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. पूर्ण तुकडीचं बघा.

आणि उत्तरपत्रिका बघायला मागणाऱ्या विद्यार्थ्याकडे संशयाने बघू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्येच स्पष्ट केलंय की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारातली ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते. जतनाचा काळ संपेपर्यंत हा हक्क आहे. छायाप्रत देताना परीक्षकाची सही आणि ओळख झाका, तेवढं संरक्षण त्याच निकालाने दिलंय.

पारोळ्याचा_नाना

तुम्ही सगळे परीक्षेवर बोलताय. मला वाटतं खरी गाठ निवड समिती आणि खरेदीत आहे.

आपल्याकडे तीन जिल्ह्यांत कोण कोणाचा सोयरा नाही? उमेदवार कोणाचा भाचा, पुरवठादार कोणाचा व्याही, परीक्षक कोणाचा मेहुणा. म्हणून ‘नातं आहे म्हणजे काळंबेरं आहे’ असं धरलं तर एकही समिती बसणार नाही. आणि नातं लपवलं तर एकही निर्णय टिकणार नाही.

नातं असलेल्याने त्या विषयापुरतं बैठकीबाहेर जाणं हे रोजचं करून टाका. बैठकीच्या विषयपत्रिकेचा पहिला विषयच ‘हितसंबंधांची माहिती’ असा ठेवा. अध्यक्षांनी प्रत्येकाला विचारायचं, ‘नाही’ हे उत्तरही लिहायचं. इतिवृत्तात असं यावं: ‘विषय क्र. ४ वर एका सदस्यांनी उमेदवाराशी नातेसंबंध असल्याचे सांगितले. ते १२.१० वाजता सभागृहाबाहेर गेले. ठराव झाल्यावर १२.४० वाजता परत आले.’ नुसतं ‘चर्चेत भाग घेतला नाही’ लिहिणं पुरत नाही. माणूस समोर बसलेला असला की बाकीचे मोकळं बोलत नाहीत, आपल्या सोयऱ्यांच्या गावात तर नाहीच.

खरेदीत दोन खुणा बघा. एक, एकाच वस्तूचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निविदेच्या मर्यादेखाली बसवणं. वर्षभराच्या मागण्या एकत्र लावल्या की लगेच दिसतं. दोन, तीन दरपत्रकांत तीच शुद्धलेखनाची चूक, तोच मजकूर, तीच तारीख. दरपत्रकं बंद पाकिटात, आवक क्रमांक आणि वेळेसह घ्या आणि तीन सह्यांनी एकत्र उघडा. यंत्राचं तपशीलपत्रक पुरवठादाराने लिहून दिलेलं असलं तर तिथेच थांबा. त्यात एकाच कंपनीला बसेल असं माप हमखास असतं.

ग्रंथालयातून

प्रबंधांबद्दल लिहिते, कारण मराठी प्रबंधांत एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते.

वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर कमाल सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० च्या वर ६० पर्यंत एक वर्ष सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचं साम्य, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळायचे असतात.

आता चूक कुठे होते? प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलिखित असतो. डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाला मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी असते. तपासणी प्रणालीला काहीच जुळत नाही, साम्य शून्याच्या आसपास येतं, आणि तेच प्रमाणपत्र प्रबंधाला लागतं. ओळखायची रीत सोपी: पीडीएफमधला एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये टाका. मराठी आली तर युनिकोड, कचरा आला तर जुना फॉन्ट, काहीच उचललं गेलं नाही तर पानांची नुसती चित्रं आहेत. शेवटच्या दोन्ही प्रकारांत अहवाल ग्राह्य धरू नका. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, म्हणून पाचसहा पानं हाताने ताडून बघा, मगच पुन्हा तपासा.

अहवालाचं फक्त टक्केवारीचं पान घेऊ नका, वगळणुकीच्या सेटिंगचं पानही मागा. १४ च्या जागी २५ शब्द टाकले की टक्केवारी आपोआप खाली येते. आणि हिंदी किंवा इंग्रजी पुस्तकातून सरळ भाषांतर केलेलं प्रकरण यंत्राला सहसा सापडत नाही. तिथे मार्गदर्शकालाच वाचावं लागतं. पीएच.डी.च्या २०२२ च्या विनियमांत एका प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगीकडे ६ आणि सहायककडे ४ संशोधक ठेवलेत, म्हणजे वाचायला वेळ मिळायला हवा.

वाङ्मयचौर्याची तक्रार तपासणाऱ्या विभागीय समितीचा अध्यक्ष विभागप्रमुख असतो. बरेचदा तोच मार्गदर्शकही असतो. ज्या सदस्याविरुद्ध तक्रार आहे त्याने त्या बैठकीत बसू नये असं विनियमात आहे. मार्गदर्शकानेही तेच पाळावं असं मला ठाम वाटतं.

सातपुडा_पायथा

सुनावणीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

गैरप्रकार समितीपुढे एका दुपारी ४० मुलं बोलावली तर प्रत्येकाला पाचसहा मिनिटं मिळतात, आणि आदेश एका ओळीचा निघतो: ‘खुलासा समाधानकारक नाही.’ कारण न लिहिलेला आदेश न्यायालयात टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे ज्याने खरंच कॉपी केली तो आणि ज्याच्या बाकाखाली दुसऱ्याचा कागद सापडला तो, दोघांना सारखीच शिक्षा होते. कागद कुठे सापडला, तो त्या प्रश्नाशी जुळतो का, उत्तरात वापरलाय का, या तीन गोष्टी प्रत्येक आदेशात याव्यात.

आमच्याकडची मुलं घरी पावरी, भिलोरी बोलतात. नोटीस शासकीय मराठीत, पाड्यावर पोचते उशिरा, आणि सुनावणी विद्यापीठात, जळगावला, धडगावहून २०० किलोमीटरच्या आसपास. मूल आलं नाही की ‘गैरहजर, आरोप मान्य’. ही न्याय्य सुनावणी नाही. सुनावणी नंदुरबारला ठेवा, नोटीस महाविद्यालयामार्फत हातात देऊन पोच घ्या, आणि सोप्या मराठीत चार ओळी लिहा: आरोप काय, पुरावा काय, तुला काय म्हणता येईल, सोबत कोणाला आणता येईल.

आवक_जावक

सर, यात तक्रार निवारण समितीचंही जोडा. २०२३ च्या विनियमांनुसार समितीत किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास प्रवर्गातला किमान एक सदस्य हवा, आणि विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित. अहवाल १५ कामकाजाच्या दिवसांत. मान्य नसेल तर विद्यार्थी १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे (ऑम्बड्सपर्सन) जाऊ शकतो. फलकावर फक्त समितीची नावं लावतात. लोकपालाकडे कसं जायचं तेही लावा.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. एक अवघड प्रश्न टाकतो, ज्यात कोणी लबाड नाही.

उपस्थितीची ७५ टक्क्यांची अट. ९० तासिका झाल्या तर ६८ हव्यात. ऊसतोडीला घरच्यांबरोबर गुजरातेत गेलेली मुलगी ५२ वर थांबते. तिला बसू दिलं तर रोज १५ किलोमीटर सायकल मारून ७० तासिका भरणाऱ्याला काय सांगायचं? बसू दिलं नाही तर तिचं वर्ष जातं, आणि पुढल्या वर्षी ती येईलच असं नाही.

तापीकाठची_मास्तरीण

अशा वेळी माझा एकच आग्रह असतो: नावं बघण्याआधी निकष लिहा. यादी समोर आली की ओळखीचा, हुशार, शांत मुलगा आपल्याला आपोआप पात्र वाटतो. सत्राच्या सुरुवातीलाच ठरवा की सवलत कोणत्या कारणांना, किती तासिकांपर्यंत, कोणत्या पुराव्यावर. स्थलांतरासाठी ग्रामपंचायतीचा दाखला आणि गेल्यापासून पंधरा दिवसांत महाविद्यालयाला कळवलेलं, एवढं पुरे. सत्र संपताना आणलेलं मागील तारखेचं वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊ नका. ते घेतलं की खरं कारण असलेल्यांचीही किंमत जाते.

आणि कमी पडलेल्या १६ तासिका माफ करू नका, भरून घ्या. रोज दोन तासिका, आठ दिवस, परीक्षेआधी. शिक्षकाला त्याचं काम मोजून द्या. सायकलवाल्या मुलाला मग सांगता येतं की तिनेही तासिका केल्या, फक्त वेगळ्या दिवशी.

पारोळ्याचा_नाना

हे चांगलं आहे. पण निकषात न बसणारं एखादं प्रकरण येणारच.

तापीकाठची_मास्तरीण

येईल नाना. तेव्हा अपवाद करा, पण कारण लिहून करा, आणि पुढच्या सत्राच्या निकषात ते कारण घालायचं की नाही ते त्याच बैठकीत ठरवा.

कॅप_समन्वयक

विभागप्रमुखांसाठी एक भर. चूक स्वतःहून, २४ तासांच्या आत सांगितली तर ज्ञापन (मेमो) नाही, फक्त दुरुस्तीची नोंद. लपवली आणि नंतर सापडली तर चौकशी. हे लेखी जाहीर करा आणि पहिल्याच प्रसंगी पाळा. पहिल्या माणसावर ओरडलात तर दुसरा कोणी सांगायला येणार नाही. गुणांची अदलाबदल मग निकाल लागल्यावर, विद्यार्थ्याच्या अर्जातून कळते.

आवक_जावक

गिरणाकाठ दादा, तोंडी सूचनांची वही संगणकावर ठेवली तर चालेल का?

गिरणाकाठ

सुरुवात कागदी वहीने करा. बांधीव, छापील पानक्रमांकांची, पहिल्या पानावर ‘एकूण पाने २००’ असं प्रमाणित करून. संगणकावरची ओळ कोणी बदलली हे कळायला वेगळी लॉगिनं लागतात, आणि ती अजून सगळीकडे झालेली नाहीत. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही, पांढरी शाई नाही. सोमवारपासून करणार असाल तर रकान्यांचा नमुना इथेच टाकतो, छापून घ्या.